हाताला झेपेल ते रिव्हॉल्व्हर

संधिवात असलेल्या बाईने रिव्हॉल्व्हर घ्यावं का, असं मला बरेच जण विचारतात. मी उलट विचारते, कोणतं? कारण सगळा घोळ तिथेच आहे. .32 बोअरची, म्हणजे त्या मापाच्या नळीची, चार-दोन हत्यारं टेबलावर ठेवली तर गोळी साधारण तेवढ्याच ताकदीची, पण एखादंच माझ्या बोटांनी चालतं. आणि जे चालतं ते दुकानदार बाईमाणसापुढे सगळ्यात शेवटी ठेवतो.

नागपूरला उमरेड रोडवर आमचा पेट्रोल पंप आहे. मिस्टर गेल्यापासून तो मीच बघते. आता अर्धेअधिक लोक मोबाईलवरून पैसे देतात, तरी ट्रकवाल्यांची रोकड असतेच, आणि रात्रीचा गल्ला तो गल्लाच. मला बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड. दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला झुकली आहेत, उजव्या अंगठ्याचं मूळ कायम सुजलेलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण पंपावरचा पोरगा उघडून देतो.

मिस्टरांकडे .32 चं रिव्हॉल्व्हर होतं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 21 प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही विक्रेत्याकडे ठेवलं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, फक्त बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. मुलाने लगेच सही केली, बाबांची आठवण म्हणून. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तुला कुकरचं झाकण लागत नाही, तू बंदूक काय चालवशील? गार्ड ठेव ना." गार्ड आहे. रात्री दोननंतर तो झोपतो. हे ऐकल्यावर तिनेही सही केली.

आम्ही शहरात राहतो, त्यामुळे अर्ज पोलीस आयुक्तांकडे. ग्रामीण हद्दीत असतो तर जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता. फॉर्म ए-1, फोटो, चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेळ लागतो. लागू द्यावा.

मला धाकधूक होती ती वैद्यकीय प्रमाणपत्राची. अपंग माणसाला परवाना देऊ नये असं कायद्यात कुठेही नाही. कलम 9 मध्ये 21 पेक्षा कमी वय, गुन्ह्यातली शिक्षा अशा गोष्टी आहेत. पण कलम 14 मध्ये अर्जदार कोणत्याही कारणाने अयोग्य वाटला तर नकार देण्याची मुभा आहे, आणि माझं कारण तर हात पुढे केला की दिसतं. प्रत्यक्षात अडलं भलतीकडेच. प्रमाणपत्रात शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीबरोबर अर्जदार नशेच्या किंवा अमली पदार्थांवर अवलंबून नाही, असा खास उल्लेख लागतो. आमवाताचं मेथोट्रेक्सेट मी आठवड्यातून एकदा घेते, त्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं ते ट्रामाडोलबद्दल. फार दुखलं की मी ते घेत असे, आणि 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. त्यांनी ते बंद करून दुसरं औषध दिलं, काही काळ पाहिलं, मग सही केली. सांधेदुखीवाल्यांनी अर्ज करण्याआधी आपल्या गोळ्यांच्या पट्ट्या एकदा वाचून घ्याव्यात.

त्याच डॉक्टरांनी मला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे दुखऱ्या हातांना रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणाऱ्यांकडे पाठवलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने पकड मोजायचा डायनॅमोमीटर हातात दिला: उजवी पकड 10 किलो, डावी 8. माझ्या वयाच्या धडधाकट बाईची 25 च्या आसपास असते. मला वाटलं, विषय संपला. ती म्हणाली, "काकू, पूर्ण मुठीचा आकडा घेऊन काय करता? ट्रिगर एका बोटाने ओढतात ना? एकेक काम सांगा, कोणतं बोट काय करतं ते."

मग आम्ही बसून कामं मोजली. धरायचं, ट्रिगर ओढायचा, उघडायचं, रिकाम्या पुंगळ्या काढायच्या, नव्या गोळ्या भरायच्या. यातलं एक जरी जमलं नाही तरी हत्यार माझ्यासाठी निकामी. तिने आणखी एक गोष्ट दाखवली जी मला कोणत्याच दुकानात कुणी सांगितली नसती: तर्जनीच्या टोकाने मी जेमतेम तीन किलो ओढते, पण तेच ओझं पहिल्या सांध्याच्या घडीत घेतलं तर पाचाच्या पुढे जाते. निशाणेबाज बोटाचं टोक वापरायला सांगतात. ते त्यांच्या हलक्या ट्रिगरसाठी ठीक आहे.

एवढं कळल्यावर मी सामान तोलायचा हुकवाला काटा घेऊन विक्रेत्याकडे गेले. तो मिस्टरांच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो. काटा पाहून हसला, पण अडवलं नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची त्याने खात्री केली, मग मी केली, आणि नळी भिंतीकडे धरून ट्रिगरला हुक लावला. मिस्टरांचं रिव्हॉल्व्हर हॅमर, म्हणजे गोळीवर आदळणारा मागचा घोडा, खाली असताना पाच किलोच्या बरंच वर गेलं. हॅमर आधी अंगठ्याने मागे ओढला, तर दोन-अडीच किलोत काम झालं.

"मग झालं की वहिनी, आधी घोडा ओढायचा," तो म्हणाला. पण घोडा ओढायला जो अंगठा लागतो तोच माझा सगळ्यात वाईट सांधा. शिवाय घाबरलेल्या माणसाच्या हातात हॅमर चढवलेलं रिव्हॉल्व्हर ही मला मुळीच पटणारी गोष्ट नाही. नको तेव्हा गोळी सुटते ती अशानेच. मी ठरवून टाकलं, जे घेईन ते हॅमर न चढवता, लांब ओढीवर चालवता आलं पाहिजे.

जुन्याचा खरा अडसर मात्र पुढे निघाला. ते वेब्ली पद्धतीचं, मधून मोडणारं. वरची कडी अंगठ्याने दाबायची आणि नळी खाली वाकवायची. वाकवता वाकवता पुंगळ्या आपोआप वर येतात. कागदावर फार सोयीचं. माझ्या अंगठ्याने कडी हलली नाही. मुलाला ते सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

विक्रेत्याने मग निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. 2014 साली आलेलं, खास बायकांसाठी म्हणून गाजलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, दागिन्यांसारख्या डब्यात. तेव्हा किंमत 1,22,360 रुपये होती. वजन 500 ग्रॅम. "हे घ्या, हलकं आहे, पर्समध्ये बसतं." हलकं आहे हे खरं. पण वजन कमी केलं म्हणून ट्रिगर काही हलका होत नाही. पाच किलोची ओढ अर्ध्या किलोच्या हत्याराला लावली की नळी खाली झुकते, आणि ती सावरायला पुन्हा पकडच लागते, जी माझ्याकडे नाही. झटक्याचंही तसंच. गोळी तीच असेल तर 700 ग्रॅमच्या मानाने 500 ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचा मागे येणारा झटका ऊर्जेत साधारण 40 टक्क्यांनी जास्त बसतो. सुजलेल्या सांध्यांना ते लागलीच कळतं. शिवाय उघडायची पद्धत जुन्यासारखीच, मधून मोडणारी. बायकांच्या हातासाठी म्हणताना कुणी बायकांचा हात पाहिला होता की नुसती पर्स, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

ट्रिगरची स्प्रिंग सैल करून देऊ का, असंही त्याने विचारलं. नको म्हटलं. स्प्रिंग सैल केली की हॅमरचा ठोकाही हलका पडतो आणि एखादी गोळी फुटतच नाही. मुकी गोळी देणारा हलका ट्रिगर मला नको.

.22 चं निदार नावाचं 250 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हरही आहे, त्याचा झटका नगण्य म्हणतात. दुकानात नव्हतं, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

पिस्तूल मी मुद्दाम करून पाहिलं, कारण ट्रिगरच्या बाबतीत ते उजवं असतं. 9 एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं; .32 मिळतं. अडचण स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची. या छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते आणि स्लाइड चिमटीत धरून मागे खेचावी लागते. प्रशिक्षण देणाऱ्या निवृत्त हवालदारांनी युक्ती सांगितली: डावा हात स्लाइडवर झाकणासारखा ठेवायचा, तो हलवायचा नाही, पिस्तूल छातीजवळ आणून उजव्या हाताने पुढे ढकलायचं. बोटांऐवजी खांद्याचा जोर लागतो. उन्हाळ्यात जमलं. पण गोळी अडकली तर तेच पुन्हा करावं लागणार, तेही घामेजल्या हातांनी. आणि मनगट सैल पडलं की पिस्तूल पुढची गोळी नीट चढवत नाही. रिव्हॉल्व्हरला मनगटाची फिकीर नसते. मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या पेटीत, गोळ्या दाबून भरणं तर अंगठ्याचंच काम. विषय बंद.

अमेरिकेत अशा हातांसाठी वेगळी पिस्तुलं मिळतात, स्मिथ अँड वेसनचं सहज ओढल्या जाणाऱ्या स्लाइडचं किंवा बेरेटाचं, ज्याची नळीच वर उघडते आणि स्लाइड ओढावी लागत नाही. मुलाने व्हिडिओ पाठवले होते. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य माणसासाठी आयात बंद आहे, तेव्हा पाहून सोडून द्यायचं.

मी घेतलं ते बाजूला सिलिंडर, म्हणजे गोळ्या ठेवायचा फिरता भाग, उघडणारं. ऑगस्ट 2023 मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने प्रबल नावाने काढलं, वजन 700 ग्रॅमच्या आसपास, नळी 76 मिलिमीटर. (त्या बातम्यांतही पर्स आलीच.) याचा ट्रिगर काट्यावर जुन्यापेक्षा थोडा कमी भरला, पण मला महत्त्वाचं वाटलं ते सिलिंडर. खिट्टी सरकवायला जोर लागत नाही, सिलिंडर डाव्या हाताच्या बोटांच्या पाठीने ढकलता येतं, आणि पुंगळ्या काढायचा दांडा तळव्याने ठोकता येतो. चिमूट कुठेच लागत नाही.

शेवटची पारख मी जानेवारीतल्या सकाळी केली. नागपुरात तेव्हा पारा आठ-दहावर असतो आणि माझी बोटं तास-दीड तास वळत नाहीत. मेमधल्या 45 अंशांत माझा हात कोणतंही हत्यार चालवेल. त्या दिवशीच्या परीक्षेला अर्थ नाही. थंडीत, उठल्याउठल्या, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर पूर्ण ओढला गेला तेव्हाच मी हो म्हटलं. मुठीवर जाड रबर चढवून घेतलं. आमवाताच्या हाताला जाड मूठ सोपी जाते, माझ्या घरातल्या उलथन्या-झाऱ्यांनाही तसंच गुंडाळलेलं आहे.

2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोन शस्त्रं ठेवता येतात, पण मी एकच ठेवलं. जुन्याच्या जागी नवं घ्यायच्या परवानगीत एका टेबलावर बराच काळ गेला, ते सोडा. घरी ठेवायला तिजोरी घेताना किल्लीची नको म्हटलं. किल्ली फिरवणं हे माझ्या हाताचं सगळ्यात अवघड काम. आकडे दाबायची घेतली.

सराव बहुतेक डमी काडतुसांवर, कारण खऱ्या काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते आणि ती महागही पडतात. सराव नेहमी लांब ओढीवरच. हवालदारांनी भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं वाचायला लावली, खासगी बचाव कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते. गल्ल्यासाठी पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली तर तो बचाव नाही, हे त्यांनी कलमापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितलं.

एक काम अजूनही जमत नाही: सहा गोळ्या पटकन भरणं. एकेक करून भरते, वेळ लागतो. म्हणून माझा हिशेब सहांवरच संपतो, आणि गल्ला आता रात्री मी घरी नेत नाही. पंपावरच्या तिजोरीत राहतो आणि सकाळी बँकेत जातो.