तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्मन श्रद्धेवर प्रश्न पडल्यानंतर

सांगलीला गेले की मावश्या विचारतात. अमेरिकेत युटा राज्यात शिकायला आलेली मराठी मुलंमुली विचारतात. अलीकडे चर्चमधल्याच काही तरुण बायका गाडीपर्यंत सोबत येतात आणि आवाज खाली आणून विचारतात: श्रद्धेवर प्रश्न पडायला लागल्यावर तुमच्या जगण्यात नेमकं काय बदललं? या चर्चमध्ये चहा चालत नाही, म्हणून मावश्यांचे शब्द जरा वेगळे असतात. "म्हणजे आता चहा घेतेस ना? परत आपल्यात आलीस ना?" उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून इथे जरा बैजवार लिहिते.

मॉर्मन चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितलं. तुम्ही त्याच नावाने विचारता, म्हणून मीही तेच ठेवते. मी युटाच्या उत्तर भागात शिकायला आले तेव्हा अगदी एकटी होते, आणि पहिल्या हिवाळ्यात ज्या बायकांनी मला जेवू घातलं, बर्फात गाडी कशी चालवायची ते शिकवलं, त्या सगळ्या या चर्चच्या होत्या. त्यांच्यामुळे मी वाचायला लागले, बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे मंदिरात लग्न केलं. मंदिरातलं लग्न या जन्मापुरतं नसतं, मृत्यूनंतरही कुटुंब एकत्र राहील असा तो विधी आहे. आत जायला परवाना लागतो. तो बिशपच्या मुलाखतीनंतर मिळतो, आणि हा बिशप म्हणजे दिवसभर आपली नोकरी सांभाळणारा शेजारपाजारचाच माणूस असतो. माझ्या आईबाबांकडे परवाना असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे लेकीचं लग्न आत लागत असताना ती दोघं बाहेर हिरवळीवरच्या बाकावर बसली होती, आणि आईच्या मांडीवर सांगलीहून आणलेली अक्षतांची पुडी होती.

प्रश्न कुठून सुरू झाले? बाहेरच्या कुणामुळे नाही. २०१३ ते २०१५ या काळात चर्चने आपल्याच संकेतस्थळावर अवघड विषयांवरचे निबंध टाकले. मी तेव्हा रिलीफ सोसायटीत, म्हणजे बायकांच्या मंडळात, धडे घ्यायचे. धड्याच्या तयारीसाठी म्हणून वाचायला बसले. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी आणि त्यांतली सर्वांत लहान पंधराव्या वाढदिवसाला काही महिने असतानाच त्यांच्याशी विवाहबद्ध झाली होती, हे तिथे लिहिलेलं होतं. दुसरा निबंध चर्चच्या 'बुक ऑफ अब्राहम' या धर्मग्रंथावर होता. १८३५ साली ओहायोतल्या कर्टलंडमध्ये स्मिथ यांनी इजिप्तचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची प्राचीन हस्तलिखितं, विकत घेतले, आणि बायबलमधल्या अब्राहमाने स्वतः लिहिलेल्या मजकुराचं भाषांतर म्हणून हा ग्रंथ पुढे आला. त्या पपायरसचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधून चर्चकडे परत आले. ते प्रेतसंस्कारांचे नेहमीचे इजिप्शियन मजकूर निघाले. ग्रंथातल्या मजकुराशी त्यांचा मेळ बसत नाही, हे निबंधातही मान्य केलेलं आहे.

आमचे एक नेते, डीटर उख्तडॉर्फ, ऑक्टोबर २०१३ च्या परिषदेत म्हणाले होते की श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या. मी ते मनापासून केलं. गुडघे टेकून केलं, उपास धरून केलं. चर्चच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाच्या शेवटी एक वचन आहे: खऱ्या मनाने विचारा, पवित्र आत्मा तुम्हाला सत्य दाखवील. बहुतेकांना हे उत्तर छातीतल्या उबेच्या रूपाने मिळतं. मलाही बाप्तिस्म्याआधी मिळालं होतं. ती ऊब खरी होती, आजही मी तिला खोटी म्हणणार नाही.

पण त्याच सुमारास एकदा आषाढी वारीच्या दिवसांत घरी आले होते आणि पुण्याच्या मावशीबरोबर माउलींची पालखी पाहायला दिवे घाटात गेले. घाटात टाळमृदंग घुमत होते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका म्हातारीने माझा हात धरला, माझ्याबरोबर दोन पावलं टाकली आणि हसून पुढे निघून गेली. छातीत तीच ऊब आली. कमी नाही, वेगळी नाही, तीच. ही ऊब एखाद्या चर्चच्या सत्याची खूण असेल, तर इथे कशाची? त्यानंतर मला एक गोष्ट हळूहळू स्वच्छ होत गेली. ऊब मला त्या म्हातारीबद्दल सांगते, त्या गर्दीबद्दल सांगते, माझ्या स्वतःच्या भुकेबद्दल सांगते. ओहायोत विकत घेतलेल्या पपायरसवर काय लिहिलंय, हे ती सांगू शकत नाही.

तुम्ही चहाबद्दल विचारता, पण खरा बदल हा आहे. पूर्वी नोकरी बदलायची असो की घर घ्यायचं असो, मी प्रार्थना करून त्या उबेची वाट पाहायचे. ती आली की निर्णय पक्का, वर देवाचा शिक्का. आता कागद काढून बसते, चार जाणत्यांना विचारते, आणि आपण चुकू शकतो हे धरून निर्णय घेते. सुरुवातीला याची फार भीती वाटली. एखादी गोष्ट बरोबर असल्याचं वरून कुणीच सांगणार नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. श्रद्धा ढळलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मी या टप्प्यावर सैरभैर झालेलं पाहिलंय, आणि त्यांना घाई करू नका एवढंच सांगते.

आता चहा. जोसेफ स्मिथ यांना मिळाला असं मानल्या जाणाऱ्या २७ फेब्रुवारी १८३३ च्या एका दैवी संदेशात दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' नकोत असं आलं. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ लावला गेला. हा संदेश आज्ञा किंवा सक्ती म्हणून दिलेला नाही, असं त्यातच म्हटलंय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हिबर ग्रँट अध्यक्ष असताना, तो पाळणं मंदिराच्या परवान्यासाठी आवश्यक झालं. ग्रीन टी आणि थंड चहाही त्यातच येतो, असा खुलासा २०१९ मध्ये झाला. त्याच संदेशात मांस बेताने खा, शक्यतो हिवाळ्यात किंवा दुष्काळातच खा, असंही आहे, पण मुलाखतीत मांसाबद्दल कुणी विचारत नाही. कुठला नियम कडक ठेवायचा आणि कुठला सैल, हे माणसांनी ठरवलंय असं दिसल्यावर तो नियम पाळण्याचं माझं कारण संपलं. इतकी वर्षं आई माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात गवती चहा आणि आलं उकळायची, पत्ती न घालता. तिच्या लक्षात राहायचं, कधी चुकायची नाही. आता एकाच पातेल्यात चहा होतो, आणि सकाळी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहूनच तो पितो.

दारू मात्र मी घेत नाही. एक सुटलं की सगळंच सुटतं, असा लोकांचा समज असतो. मला तिची ओढ नाही, घरात वाढत्या वयाची मुलगी आहे, आणि एवढी कारणं मला पुरतात.

दशांशाचं असंच झालं. मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो, त्याशिवाय परवाना नाही. चर्चच्या गुंतवणूक संस्थेने शेअर्सच्या मालकीचे तपशील वेगवेगळ्या शेल कंपन्यांच्या, म्हणजे नावापुरत्या कंपन्यांच्या, नावाने भरले, त्यामुळे एकूण गुंतवणूक लोकांसमोर आली नाही, असा ठपका अमेरिकेच्या बाजार नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवला. संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड झाला. मी त्याआधीच थांबले होते. माझा नवरा आजही श्रद्धाळू आहे, आणि तो सरळ मनाचा माणूस आहे. आम्ही बसून ठरवलं की त्याच्या पगाराचा दशांश तो त्याच्या मनाप्रमाणे देईल आणि माझ्या पगाराचं मी पाहीन. मी दहावा हिस्सा बाजूला काढणं सोडलेलं नाही. तो आता इथल्या अन्नपेढीला जातो, आणि सांगलीतल्या माझ्या शाळेतल्या काही मुलींच्या फीला. देण्याची शिस्त मला चर्चनेच लावली, हे मी कृतज्ञतेने सांगते.

कपड्यांबद्दल थोडंच. मंदिरात दीक्षा घेतल्यावर आतून अहोरात्र घालायची पांढरी वस्त्रं असतात. ती सोडल्यावर कितीतरी दिवस हात आपोआप बाहीकडे जायचा, काही दिसत तर नाही ना म्हणून. मग साडीवरच्या ब्लाउजांच्या बाह्या आखूड करून घेतल्या.

सगळ्यांत अवघड होतं ते मेलेल्यांचं. या चर्चमध्ये मृतांसाठीही बाप्तिस्मा घेतात. बारा बैलांच्या पुतळ्यांवर उभारलेल्या हौदात जिवंत माणूस मृताच्या वतीने पाण्यात बुडतो. तो स्वीकारायचा की नाही, हे मृतात्म्याने ठरवायचं. त्यासाठी पूर्वजांची नावं लागतात, म्हणून वंशावळीचं काम तिथे फार आस्थेने होतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंगसुद्धा युटाच्याच वंशावळी सोसायटीने केलंय. त्या नादाने मीही आमच्या घराण्यातल्या बायकांची माहेरची नावं शोधून काढली, जी कुठल्याच वंशावळीत कुणी लिहिली नव्हती. आजीच्या वतीने मी त्या हौदात उतरले होते. तिच्यावरच्या मायेनेच उतरले होते.

बाबा वारले तेव्हा मी श्रद्धेपासून बरीच दूर आले होते. काही महिन्यांनी नवऱ्याने अगदी जपून विचारलं, "बाबांसाठी मी जाऊ का?" त्याच्या लेखी ही सर्वांत मोठी भेट होती. मी नाही म्हटलं. बाबांनी माझ्याकडून हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि उत्तरही दिलं होतं: "तुला पटतंय ना, मग तू कर. मला नको." जिवंतपणी दिलेलं उत्तर मेल्यावर पुन्हा विचारायचं नाही, असं मला वाटलं. नवऱ्याने ते मानलं, पण त्याला ते लागलं, आणि मला दिसत होतं.

श्रद्धा होती तेव्हा मृत्यू म्हणजे थोड्या दिवसांची ताटातूट वाटायची. आता बाबा कुठे आहेत, पुन्हा भेटतील का, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ही उणीव दुसऱ्या कशाने भरून निघालेली नाही. एवढंच झालंय की वर्षाआड आईकडे जायचे, ती आता दरवर्षी जाते. वंशावळीचं काम मात्र चालूच आहे. नावं आता हौदासाठी शोधत नाही, त्या बायका होत्या म्हणून शोधते.

रविवार रिकामा झाला, हेही सांगायला हवं. चर्चमध्ये कुणाकडे बाळ जन्मलं की कुणी कुठल्या दिवशी जेवण न्यायचं याची यादी फिरते. माझं नाव यादीतून गेलं आणि शेजारच्या गल्लीत कोण आजारी आहे हे मला महिना-महिना कळेनासं झालं. कुणी वाईट वागलं नाही. मी त्या वहिवाटीत राहिले नाही, एवढंच. आता आठवड्यातून एकदा मी आपण होऊन फोन करते, भांडंभर वरणभात किंवा सूप घेऊन जाते. यादीच्या आधाराशिवाय हे अंगात मुरवणं मला चहा सुरू करण्यापेक्षा कितीतरी जड गेलं.

आणि मावश्यांचं ते "परत आपल्यात". भाद्रपदात आमच्याकडे गणपती बसतो, नवरा हौसेने झांजा वाजवतो, मला त्यात आनंद आहे. पण पूर्वी जोसेफ स्मिथ यांना देव दिसला त्या दृष्टान्ताबद्दल जशी खात्री होती, तशी आता कशाबद्दलच नाही. मुलीची पत्रिका करून घे म्हणून मामी मागे लागल्या, तेव्हा पपायरसला विचारले तेच प्रश्न मी पत्रिकेलाही विचारले. मामी रागावल्या.

मुलीचा बाप्तिस्मा रीतीप्रमाणे आठव्या वर्षी झाला, तिच्या बाबाने केला, मी टॉवेल घेऊन काठावर उभी होते. ती आता मोठी झाली आहे, रविवारी बाबाबरोबर जाते आणि घरी आल्यावर आम्हा दोघांना प्रश्न विचारते. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल. मी काय वाचलं ते तिला दाखवीन, त्याला काय वाटतं ते तो सांगेल. तिच्यापासून कुठलंही पुस्तक लपवायचं नाही, एवढं आम्हा दोघांचं ठरलेलं आहे.