पेडर रोडचा दुसरा चढ

मी मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत, धावले तेव्हा पेडर रोडचा चढ दोनदा लागला. जाताना अंगात जोम असतो, कळतही नाही. परतताना तोच चढ पस्तीस किलोमीटर उलटल्यावर पुढ्यात येतो. माझी सगळी तयारी त्या दुसऱ्या खेपेसाठी होती.

सरावात अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या आसपास माझे पाय एकदम जड व्हायचे. धाप लागलेली नसायची, पण मांड्या ऐकायच्या नाहीत आणि विनाकारण रडू यायचं. कारण समजलं तेव्हा निम्मी भीती गेली. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर साधारण २००० कॅलरी पुरवते. धावायला वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी लागते. म्हणजे माझ्या ६२ किलोंना ४२.१९५ किलोमीटरसाठी २६०० च्या वर. उरलेलं चरबी भागवते, पण जोरात पळालं की शरीर आधी साखरच संपवतं. तिसाव्या किलोमीटरला येणारा थकवा बराचसा पहिल्या दहात ठरतो, तो असा.

मग रविवारच्या लाँग रनची मांडणी बदलली. आधी ठाण्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर सपाटीचे किलोमीटर, आणि पाय दमल्यावर तिथल्याच उपवनहून येऊरच्या डोंगराचा चढ. पावलं आखूड, नजर दहा-पंधरा फुटांवर, हात जरा जास्त हलवायचे. घड्याळाकडे बघायचंच नाही. हा सराव मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, असं माझं ठाम मत आहे.

खाण्याचाही सराव करावा लागतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, तीही भूक लागायच्या आधी. नुसत्या एनर्जी जेलने, म्हणजे पळताना खायच्या साखरेच्या घट्ट चाटणाने, मला मळमळायचं, म्हणून एक जेल, मग बिया काढलेले खजूर, मग मीठ लावलेला उकडलेला बटाटा असा क्रम बसवला. शर्यतीत नवं काहीही तोंडात घालायचं नाही, हे पक्कं.

शर्यतीच्या दिवशी सी लिंकवर बरेच जण मला मागे टाकून गेले. जाऊ दिले. माहीमनंतर ऊन लागायला लागलं, तेव्हा प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थोडं प्यायले, थोडं डोक्यावर ओतलं. हाजी अलीपासून पाय जड झालेच, पण रडू आलं नाही. चढावर लोक संत्र्याच्या फोडी, चिक्की घेऊन उभे होते. एक आजी प्रत्येकाला "चल बाळा, थोडंच राहिलं" म्हणत होत्या. एका खांबापर्यंत पळायचं, पुढच्यापर्यंत झपझप चालायचं, असं करत माथा गाठला.

सगळ्यात जास्त दुखलं ते त्यानंतर, चौपाटीकडे उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाचा भार मांड्या झेलतात आणि तोवर त्या पार थकलेल्या असतात. मरीन ड्राइव्हवर पोचल्यावरच पाय पुन्हा मोकळे पडले आणि तिथून शेवटपर्यंत न थांबता पळाले. पुढच्या जानेवारीसाठी आता येऊर चढून झालं की तसंच पळत खालीही उतरते.