तुम्ही विचारलंत म्हणून

गावाकडच्या कुठल्याही लग्नात गेले की कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "एवढं प्रेम होतं तुमचं, मग त्याला नाही का म्हणालीस? पगारवाला नवरा पाहिजे होता म्हणूनच ना?" आजवर विषय बदलत आले. आता एकदाच सांगते.

होय, पगारासाठीच. एक तारखेला खात्यात पैसे येणारं घर मला हवं होतं. पण तुम्ही "पैसा" म्हणता तेव्हा तुमच्या मनात बंगला-गाडी असते. माझ्या मनात आईचं डोरलं असतं.

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे बी-खताला पैसा नसायचा. मग आईचं डोरलं बार्शीला सराफाकडे गहाण जायचं. त्याच्या दुकानाची पायरी चढायची आईला लाज वाटायची, म्हणून दहावीच्या सुट्टीत अण्णांसोबत मी गेले. सराफानं वाट्या कसोटीच्या दगडावर घासल्या, काट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "आत लाख भरलीय, तिचं वजन जाणार. मण्यांचंही जाणार." आईच्या गळ्यातलं सोनं आम्ही धरून चाललो होतो त्याच्यापेक्षा बरंच कमी निघालं. अण्णा काही बोलले नाहीत, सही केली. बाहेर आल्यावर त्याच पैशातून त्यांनी आईसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. माप त्यांना पाठ होतं.

घरी आलो तर आईनं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधलं होतं. अण्णा तिला म्हणाले, "सुगीला सोडवू." ती "बरं" म्हणाली आणि बांगड्या भरायला बसली. त्या वर्षी डोरलं सुटलं. पुढच्या मृगाला परत गेलं. असं चालत राहिलं आणि एका वर्षी कांद्यानं घात केला, तेव्हापासून ते आलंच नाही. त्या घरात प्रेम कमी होतं असं मला कुणी सांगू नये. अण्णांएवढी बायकोवर माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्याच बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन पट्टी आली 2 रुपये 49 पैशांची. देशभर बातमी झाली. आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही.

तर, तो. त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या आईनं पोहे केले होते. बशी ठेवायला वाकल्या, पदर सरकला आणि गळ्यात हळकुंड दिसलं. माझी नजर त्याच्या लक्षात आली. "सुगीला सोडवतोय," तो म्हणाला. तेच शब्द, तीच माया. थोड्याच दिवसांत मी नकार कळवला.

बावीस वर्षांची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, तू नोकरी करणारच होतीस, दोघांनी मिळून निभावलं असतं की! असतंही. पण माझा पगार दर मृगाला मातीत गेला असता आणि मी त्याच्यावर चिडचिड करायला लागले असते. मला त्याच्यावर चिडायचं नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून लग्नाळू पोरांनी घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. त्यांचं दुःख खरं आहे. पण बोल लागतो तो आम्हा मुलींच्या "अपेक्षां"ना. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. त्या आमच्या अपेक्षांमुळे घटल्या का? डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी आम्ही लावली का? माझ्या नवऱ्याच्या बायोडेटात "नोकरी करणारी हवी" असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याला आजवर कुणी बाजूला घेऊन विचारलेलं नाही.

नवरा भला आहे. आमच्यात माया आहे. ती त्या मायेच्या तोडीची आहे का, हे मी तोलत नाही असं सांगत आले. खरं तर कधीकधी तोलते.

ज्याला नाही म्हणाले त्यानं आता ठिबक केलंय, द्राक्षबाग लावलीय, बायको-पोरं सुखात आहेत, हे तुम्ही मला मुद्दाम सांगता. ऐकून मला मनापासून बरं वाटतं. पण बागेला भाव मिळाला म्हणून माझा नकार चुकीचा ठरत नाही, आणि उद्या गारपिटीनं बाग गेली तरी तो बरोबर ठरणार नाही.