इलन पाइप्स, नववा महिना: खालचा डी बोलू लागला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या इलन पाइप्सवर खालचा डी, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, लागत नाही, नुसती घरघर होते. मंडळी, तो आता लागतो. दर वेळी नाही, पण दहांतल्या सहा-सात वेळा नक्की.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लष्करी संचलनात उभ्याने, तोंडाने फुंकून वाजवतात ती स्कॉटिश बॅगपाइप. आयर्लंडची इलन पाइप्स बसून वाजवायची. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी आणि दोन्ही हातांत चँटर, म्हणजे बोटांनी वाजवायची छिद्रांची नळी. नावातला 'इलन' म्हणजे आयरिश भाषेत कोपरच. माझ्याकडे सध्या प्रॅक्टिस सेट आहे, म्हणजे एवढ्या तीनच वस्तू. ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, जोडले की हाफ सेट, त्यावर रेग्युलेटर, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या पट्ट्यांच्या नळ्या, चढले की फुल सेट.

खालचा डी म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. आठही छिद्रं बंद करायची आणि चँटर गुडघ्यावरून किंचित उचलायचा, की हा सूर निघतो. चँटर टेकलेलाच राहिला तर सगळं शांत. मांडीवर चामड्याचा एक तुकडा बांधलेला असतो, त्यावर चँटरचं तोंड घट्ट बसतं आणि हवेला वाटच उरत नाही. मला हे वाद्य आवडतं ते नेमकं या शांततेसाठी. बाकीच्या बहुतेक बॅगपाइपांचा सूर एकदा सुरू झाला की अखंड चालतो. इथे वादक दोन सुरांच्या मध्ये गप्प राहू शकतो.

मी दोष पिशवीच्या दाबाला देत होतो, चूक निघाली बोटात. शिकवणीत मास्तरांनी वादन थांबवून तळहात वर करायला सांगितले. नीट दाबलेल्या छिद्राचा बोटावर पूर्ण गोल वळ उमटतो. सात वळ गोल होते; उजव्या अनामिकेवर मात्र अर्धीच कोर. तिथून हवा गळत होती. तीन आठवडे रोज फक्त तेवढंच केलं: अनामिका ठेवायची, मनात दहा मोजायचे, उचलून वळ बघायचा. आता वर्तुळ पूर्ण उमटतं.

डी लागल्यामुळे क्रॅनला, म्हणजे खालच्या डीवर घ्यायच्या अलंकाराला, हात घालता आला. इतर सुरांवर रोल नावाचा अलंकार घेताना खालच्या सुराला हलकी टिचकी देतात. डीच्या खाली सूरच नाही, म्हणून उजव्या हाताची बोटं एकामागोमाग पटकन उचलून तोच सूर तोडायचा. चांगल्या वादकाचा क्रॅन ऐकताना पाणी उकळायला लागल्यासारखं वाटतं. माझा अजून संथ आहे. ज्यांचा सुटला आहे त्यांनी कुठल्या बोटापासून सुरुवात केली ते जरूर सांगा.

वरच्या सप्तकानेही बराच वेळ घेतला. लहानपणी सांगलीला घरी पेटी होती, त्यामुळे भात्याची सवय आहे असं मी धरून चाललो होतो. पेटीत भाता जोरात मारला की आवाज वाढतो. इथे डाव्या कोपराने पिशवी जास्त दाबली की सूरच उडी मारून वरच्या सप्तकात जातो. चँटर क्षणभर टेकवायचा, दाब वाढवायचा, मग बोटं उघडायची. हे तिन्ही एका श्वासात जमलं पाहिजे.

रीडचं सांगायचं राहिलं. सनईवाला पत्ती तोंडात धरून ओली करतो. इथली बोरूची रीड कोरडीच वाजते, वादकाचा श्वास तिला लागतच नाही, भाता असतो तो त्यासाठी. डब्लिनमध्ये बाहेर कितीही ओल असली तरी हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत ती सुकते आणि सूर ढळतात. आता वाद्य ठेवायच्या खोक्यात भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवतो. फरक पडला.

या महिन्यात सरावाइतकंच ऐकणंही झालं. जॉनी डोरन हे फिरते वादक, कॅरव्हॅन घेऊन जत्रा आणि घोड्यांच्या शर्यती गाठायचे. १९४७ साली आयरिश लोककथा आयोगाने डब्लिनमध्ये त्यांचं वादन तबकड्यांवर घेतलं. १९४८च्या जानेवारीत त्यांच्या कॅरव्हॅनवर भिंत कोसळली आणि १९५० साली ते गेले. त्या मोजक्या तबकड्या नसत्या तर ते वादन आपल्यापर्यंत पोहोचलंच नसतं. त्यांचे सूर एकातून एक वाहत जातात, चँटर गुडघ्यावरून सतत सुटलेला. उलट अमेरिकेत रंगमंच गाजवणारे पॅट्सी टूही प्रत्येक सूर सुटा, टोकदार वाजवायचे. मेणाच्या सिलिंडरवर स्वतःचं वादन भरून विकायचे. मला डोरन जास्त भिडतात. शिकायला मात्र आधी टूहींची वाट धरावी असं वाटतं, कारण सूर बंद करता आला की मग तो मोकळा सोडायचा कुठे ते कळतं.

डोरन यांना ऐकून क्लेअर परगण्यातले विली क्लॅन्सी या वाद्याकडे ओढले गेले. ते १९७३ साली वारले. त्याच वर्षी मिलटाउन मॅलबे या त्यांच्या गावी त्यांच्या नावाने उन्हाळी शाळा सुरू झाली, ती जुलैत भरते. यंदा तिथे जायचंच, रजा टाकून ठेवली आहे.

स्लो एअरला, म्हणजे संथ धुनेला, मी अजून हात लावलेला नाही. आलापाशी तुलना करायचा मोह होतो, पण ते तसं नाही. त्यामागे आयरिश भाषेतलं एखादं गाणं असतं, आणि थांबायचं कुठे ते त्या गाण्याचे शब्द ठरवतात. म्हणून आधी शब्द पाठ करतो आहे.

सात वर्षं शिकायचं, सात वर्षं घोटायचं, सात वर्षं वाजवायचं, मग तो पायपर, असं इथले जुने लोक म्हणतात. माझे नऊ महिने झाले. पुढच्या महिन्यात मास्तर त्यांचा टेनर ड्रोन जोडून बघणार आहेत. त्याचा सूरही पांढरी दोनच, म्हणजे माझा डी हलला तर लगेच ऐकू येईल.