क्रॉस स्टिचचे कापड घेताना आधी घरे मोजावीत

क्रॉस स्टिचचा एखादा नमुना मनात भरला की बहुतेक जण आधी धाग्यांच्या छटा जुळवायला बसतात आणि कापड मात्र दुकानात जे समोर येईल ते घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. या भरतकामात कापडावर काहीही छापलेले किंवा आखलेले नसते. कागदावरील एक चौकोन म्हणजे कापडावरील एक फुली, आणि ती फुली केवढी होईल, चौरस दिसेल की लांबट, हे आपण सुई ओवण्यापूर्वीच कापडाच्या विणीने ठरवून टाकलेले असते.

एका इंचात टाक्याची जितकी घरे बसतात, तो त्या कापडाचा काउंट. आकडा जितका मोठा, तितके घर बारीक. समजा, नमुना १४० घरे रुंद आणि ९८ घरे उंच आहे. १४ काउंटच्या कापडावर तो बरोबर १० इंच बाय ७ इंच होईल, ११ काउंटवर जवळजवळ पावणेतेरा इंच बाय नऊ इंचांपर्यंत वाढेल, तर १८ काउंटवर पावणेआठ इंच बाय साडेपाच इंचांच्या आसपास आवरेल. चौकट करायची असेल तर चारही बाजूंना किमान तीन तीन इंच कापड मोकळे सोडावे, म्हणजे १४ काउंटवरील या नमुन्यासाठी १६ इंच बाय १३ इंचांचा तुकडा लागेल. कापड घट्ट ताणून पुठ्ठ्यावर बसवताना या मोकळ्या जागेची खरी किंमत कळते.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम मॅटीच्या कापडावर होत आले आहे. दाराचे तोरण, टेबलक्लॉथ, रुखवतात मांडायची चित्रे या सगळ्यांना मॅटी पुरली आहे आणि आजही पुरते, कारण ती मीटरवर मिळते, स्वस्त असते आणि वापरात टिकते. मात्र सुट्या मॅटीवर काउंट क्वचितच लिहिलेला असतो आणि दोन ठाणांची वीण सारखी असेलच असे नाही. त्यामुळे दुकानातच कापड सपाट पसरावे, एक टाचणी टोचून पट्टीने चार इंचांवर दुसरी टाचणी टोचावी आणि मधली घरे सुईच्या टोकाने एकेक करून मोजावीत. हीच मोजणी एकदा काठाला समांतर आणि एकदा काठाला काटकोनात करावी. एकाच इंचावर विसंबू नये, कारण अर्ध्या घराचा फरक तेवढ्यात लपून जातो.

दोन्ही दिशांची मोजणी हा मला या निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. चार इंचांत उभी ४८ घरे आणि आडवी ४४ घरे निघाली, तर १३२ बाय १३२ घरांचा नमुना ११ इंच उंच आणि १२ इंच रुंद होतो. वेलबुट्टी किंवा काठाची नक्षी असेल तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण गणपतीचे मुख किंवा गोल रांगोळी भरायची असेल, तर चेहरा पसरट आणि वर्तुळ लंबगोल होते, आणि कितीही सफाईने टाके घातले तरी ते सुधारत नाही. अशा नमुन्यासाठी ते कापड सरळ बाजूला ठेवावे. हातमागाच्या खादीबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण हातकताईचे सूत मुळातच कमीजास्त जाडीचे असते.

आयडा या कापडाने ही मोजणी पुष्कळ सोपी केली. जर्मनीतील झिंडलफिंगन येथील त्स्वायगार्ट या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बाजारात आणले. त्यात धाग्यांचे गट एकत्र विणलेले असतात, त्यामुळे प्रत्येक घर चौकोनी ठोकळ्यासारखे उठून दिसते आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर सुईसाठी स्पष्ट छिद्र असते. नव्याने शिकणाऱ्याला मी १४ काउंटचे पांढरे किंवा मोतिया आयडाच सुचवीन. सहापदरी धाग्याचे दोन पदर आणि २४ नंबरची बोथट टोकाची सुई घेतली की या कापडावर टाका नीट भरतो. ११ काउंटवर तीन पदर घ्यावे लागतात, नाहीतर फुल्यांमधून कापड डोकावते. १८ काउंटवर एक किंवा दोन पदर पुरतात, परंतु तिथे नजर आणि उजेड दोन्ही चांगले हवेत. ज्यांना मुख्यतः रात्री दिव्याखाली बसूनच वेळ मिळतो, त्यांनी नमुन्यावर १८ लिहिलेले असले तरी १४ काउंट घ्यावा आणि चित्र थोडे मोठे होऊ द्यावे.

आयडाला मर्यादाही आहे. नमुन्यात पाऊण टाके असतील, म्हणजे फुलीची एक तिरकी रेघ घराच्या मध्यावरच थांबत असेल, तर ठोकळ्याच्या मधोमध छिद्र नसल्यामुळे तिथे टोकदार सुईने वाट करावी लागते. एकसारख्या सुट्या धाग्यांच्या विणीचे कापड किंवा लिनन घेतले, तर ही अडचण राहत नाही. तिथे टाका दोन धाग्यांवरून घालतात, म्हणून २८ काउंटच्या लिननवर चित्राचे माप १४ काउंटच्या आयडाइतकेच येते आणि मधले छिद्र आपोआप मिळते. शिवाय पार्श्वभूमी मोकळी सोडायची असेल तर लिननचा पोत आयडाच्या ठोकळ्यांपेक्षा कितीतरी देखणा दिसतो. धागे मोजून भरण्याची ही सवय आपल्या भागाला नवी नाही. इरकल साडीवरील कर्नाटकी कशिदा छापाशिवाय, कापडाचे धागे मोजूनच भरला जातो आणि त्यातील मेंती हा टाका फुलीचाच असतो.

रंगाचा निर्णय नमुना कापड किती झाकतो त्यावर घ्यावा. सगळी घरे भरायची असतील तर पांढरे कापडच बरे. काळ्या कापडावर फुले खुलून दिसतात हे खरे, पण त्यावरील छिद्रे सहज दिसत नाहीत. मांडीवर पांढरा पंचा अंथरून त्यावर रिंग धरली, तर छिद्रांतून खालचा पांढरा रंग दिसतो आणि मोजणी जमते.

तोरण किंवा टेबलक्लॉथ पुढे धुतला जाणारच असतो, म्हणून त्याची मॅटी आधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावी आणि घरांची मोजणी त्यानंतर पुन्हा एकदा करावी. कापड आटले की इंचातील घरे वाढतात आणि आधीचा हिशेब चुकतो. जोडीचे काम असेल, उदाहरणार्थ दोन उशांचे अभ्रे, तर दोन्हींचे कापड एकाच ठाणातून, एकाच वेळी घ्यावे आणि दोन्ही तुकड्यांवर काठाची दिशा रंगीत दोऱ्याच्या टाक्याने खूण करून ठेवावी, म्हणजे एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा भरला जाणार नाही.