बिडाच्या तुळयांवर पाणी

मँचेस्टरच्या उत्तरेला 1850च्या दशकातली एक पाच मजली सूतगिरणी आहे. बाहेरून विटांची, आत सगळा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तिथे ऑफिसं करायची होती आणि स्ट्रक्चरचं काम माझ्याकडे होतं. इमारत वारसा यादीत, 'ग्रेड दोन'. इंग्लंडमध्ये अशा इमारतीचं रूप बदलेल असं काहीही परवानगीशिवाय केलं, तर तो फौजदारी गुन्हा होतो.

खांबांची तपासणी आधीच उरकली होती. हे खांब पोकळ असतात आणि त्या काळी आडवे ओतले जात. ओतताना पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा सरकला, की एका बाजूची भिंत पातळ व्हायची. म्हणून प्रत्येक खांबाला तीन बाजूंनी बारीक भोकं पाडून जाडी मोजली. खांब ठीक निघाले. अडचण तुळयांची होती.

कागदावर त्या नापास होत होत्या. बीड दाब उत्तम सोसतं, पण ताणाला कच्चं असतं. आणि पोलाद जसं आधी वाकून सावध करतं, तसं ते करत नाही, एकदम तुटतं. 1844 साली ओल्डहॅमची एक गिरणी तुळई तुटून कोसळली, माणसं गेली. त्यामुळे प्रत्येक तुळईखाली पोलादी तुळई द्यावी, हे मालकाच्या सल्लागारांचं म्हणणं उगाच नव्हतं. पण तसं केलं असतं, तर एका तुळईपासून दुसरीपर्यंत गेलेल्या विटांच्या बुटक्या कमानी झाकल्या गेल्या असत्या, आणि ही इमारत जपायची ती त्या कमानींसाठीच. नगरपरिषदेच्या वारसा अधिकारी बाईंनी सरळ विचारलं, "गरज आहे हे सिद्ध झालंय का?" झालं नव्हतं. आमच्या गणितात तुळई एकटीच भार घेत होती. कमानी आणि त्यांच्यावर घातलेला भराव तिला किती हातभार लावतात, ते धरलेलंच नव्हतं.

म्हणून प्रत्यक्ष भार टाकून पाहायचं ठरलं. दुसऱ्या मजल्याच्या एका गाळ्यात प्लायवूडच्या कडा उभ्या केल्या, आत जाड प्लास्टिक अंथरलं आणि पाइप सोडला. पाणी सगळीकडे सारखं बसतं आणि काही बिनसलं तर लगेच सोडून देता येतं. ऑफिसच्या मजल्यावर माणसं, टेबलं आणि हलक्या भिंती धरून चौरस मीटरला साधारण साडेतीनशे किलो भार धरतात, म्हणजे 35 सेंटिमीटर पाणी. आम्ही त्याच्या पुढे जाणार होतो. खाली तुळईपासून बोटभर अंतर सोडून टेकूंची रांग उभी होती, तुटलीच तर झेलायला. खालच्या मजल्यावर कुणालाही उभं राहायची परवानगी नव्हती. तुळई किती खाली येते ते मोजणाऱ्या काट्याच्या मापकाचे, डायल गेजचे, आकडे कॅमेऱ्यावरून वाचत होतो.

पाणी थोडं थोडं चढवलं, दर टप्प्याला थांबून. पस्तीस सेंटिमीटरला माझ्या सहकाऱ्याने आकडा वाचला, तेव्हा मी त्याला तो पुन्हा वाचायला लावला. तुळई जेमतेम दीड मिलिमीटर खाली आली होती. गणिताने सांगितलेल्याच्या निम्म्याहूनही कमी. अर्ध्या मीटरपर्यंत गेलो, रात्रभर पाणी तसंच ठेवलं. सकाळी उपसलं आणि काटा जवळजवळ शून्यावर परतला. ज्या कारागिरांनी डोक्याने आणि हाताच्या अंदाजाने ही कमान बांधली, त्यांच्याबद्दल त्या क्षणी मला फार आदर वाटला.

या गिरण्यांशी आपलंही नातं आहे. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865 या काळात, तिथला कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या चात्यांवर मुंबई बंदरातून गेलेला कापूस चढला. आखूड धाग्याचा म्हणून कामगार त्याला शिव्या घालत. मी वऱ्हाडातला, त्या मजल्यावर उभं राहून हे आठवणारच.

त्यानंतर पोलादाचा बेत रद्द झाला. वाचलेला पैसा छपराच्या स्लेटकडे वळला, आणि पूर्वीच्या कुणीतरी बाहेरच्या विटांच्या सांध्यांत भरलेलं सिमेंट काढून तिथे पुन्हा चुना भरण्याकडे. सिमेंटमुळे ओल आतच कोंडून विटांचे पापुद्रे सुटत होते. आगीपासून बचावासाठी तुळयांना उष्णतेने फुगणारा रंग दिला, कारण बीड तापलेलं असताना त्यावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. वातानुकूलनाचे पाइप कमानींत न नेता भिंतीलगत उघडे ठेवले. भाडेकरूंच्या करारात आता मजल्याची भारमर्यादा लिहिलेली आहे, आणि फायलींची जड कपाटं फक्त तळमजल्यावर.