आजऱ्याची जीपीडब्ल्यू आणि नसलेली इंटरलॉक पिन

गाडी आजऱ्याहून आली होती. दुसऱ्या महायुद्धासाठी फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू जीप, म्हणजे विलीज एमबीची जुळी बहीण. लष्कराच्या कागदोपत्री हा पाव टनी ट्रक. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये विकल्या गेलेल्या अशा बऱ्याच गाड्या आपल्या भागात आल्या, त्यातलीच ही, मालकांच्या आजोबांनी घेतलेली. बोल्टच्या डोक्यांवर फोर्डचा 'एफ' अजून वाचता येत होता. गाडी शोभेची नाही. काजूची पोती, खत, पाइप असं सगळं मागच्या छोट्या ट्रॉलीतून डोंगरातल्या बागेत चढतं आणि उतरतं.

तक्रार ऐकूनच काळजी वाटली. उतारावर लो, म्हणजे ताकद वाढवणारा हळू गिअर, टाकला की लिव्हर आपोआप सुटायचा. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना यातला धोका पटकन कळणार नाही. लो सुटला की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला देणारा डबा, न्यूट्रल होते. मग गिअरबॉक्स पहिल्यात असला तरी इंजिनाचा आणि चाकांचा संबंध उरत नाही, इंजिन ब्रेकिंग संपलं. राहिला हँडब्रेक. त्याचा ड्रम या गाडीत ट्रान्सफर केसच्याच मागे बसतो, आणि मागचं सील गळत असल्यामुळे लायनिंग तेलात भिजलेलं. म्हणजे भरलेल्या ट्रॉलीसकट सगळा भार पायातल्या ब्रेकवर.

किल्ली देताना मालक म्हणाले, "आमची गाडी नुसत्या मागच्या चाकावरबी लो घेती. ती सोय तेवढी ऱ्हाऊ द्या."

तिथेच माझे कान टवकारले. स्पायसर 18 या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडूच नये अशी व्यवस्था आहे. लिव्हरनी सरकणाऱ्या दोन शिफ्ट रॉडच्या मध्ये दोन्ही टोकं गोल केलेली एक बारीक पिन असते, तीच इंटरलॉक पिन. एक रॉड जागेवर गेल्याशिवाय ती दुसऱ्याला हलू देत नाही. कुणीतरी ती काढून टाकली होती.

गिअरबॉक्ससकट डबा खाली घेतला, डिझेलने धुतला आणि खालचं झाकण उघडलं. मागची लॉक प्लेट काढून इंटरमीजिएट शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मागे ठोकला. या गाडीत तो सहा सुती असतो, पाऊण इंच. पुढे सिव्हिलियन जीपना दहा सुतीपर्यंत जाडी वाढवली, यावरूनच कळतं की पहिला शाफ्ट कमीच पडत होता. त्याच्यावर गिअर नीडल रोलरवर, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरवर, फिरतो. या डब्यात टॉप गिअरलाही सरळ दांडा नाही, हाय असो की लो, ताकद या मधल्या गिअरमधूनच जाते. म्हणून जुनी जीप सतत गुणगुणते, आणि म्हणून हा शाफ्ट सगळ्यात आधी खराब होतो. नीडलच्या रेघा त्याच्यावर नखाला लागतात.

इथे मात्र एकही नीडल पडली नाही. गिअर हातात घेतला तर आत गनमेटलचा बुश, म्हणजे साधी नळी, ठोकलेला. आतून तेलासाठी छिन्नीने हाताने काढलेली नागमोडी खाच, कडा कानसीने मारलेल्या. थ्रस्ट वॉशरही पितळी पत्र्यातून कापलेले. नीडलचा सेट मिळत नसताना कुठल्यातरी मिस्त्रीने हे केलं असणार, आणि काय केलं! बुशमुळे भार शाफ्टच्या पूर्ण लांबीवर पसरला होता. शाफ्ट झिजला होता खरा, पण सारखा झिजला होता, खड्डे नव्हते. लेथवरच्या मामांनी बुश उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून पाहिला.

मग शिफ्ट रॉड काढले. पिन अर्थातच नव्हती. लोच्या रॉडवरची, बॉल बसायची खाच बोथट झालेली, स्प्रिंग मेलेली, आणि सरकत्या गिअरचे दात एका बाजूने निमुळते. लो का सुटतो त्याचं उत्तर समोर होतं. पण पिनेमुळे माझं लक्ष डब्यावरून मागच्या अ‍ॅक्सलवर गेलं. या गाडीचा लो 1.97चा, म्हणजे चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ दुप्पट. पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला असला तर ती दोन्हीकडे वाटली जाते. नसला तर सगळी मागची चाकं फिरवणाऱ्या दोन हाफ शाफ्टवर. मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजन हाफ शाफ्टवर न येणारा, असल्यामुळे चाक न काढता, फ्लँजचे बोल्ट खोलले की शाफ्ट बाहेर ओढता येतो. उजवा ओढला. टोकाच्या स्प्लाइन, म्हणजे दातांसारख्या खाचा, सरळ रेघेत हव्यात, त्या चऱ्हाटासारख्या पिळल्या होत्या. तो ट्रॉलीसकट चढावर तुटला असता तर हँडब्रेकही गेला असता, कारण त्याची पकड याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचते.

मालकांना फोन करून बोलावलं. समजावण्यात वेळ घातला नाही, शाफ्ट हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे डांबरीवर वळताना स्टिअरिंग जड हुतंय म्हणून काढलं आसंल न्हाई?" बरोबर होतं. डांबरावर चाकं घसरत नाहीत, त्यामुळे पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना ओढतात आणि वळणावर स्टिअरिंग अडतं. त्यावर इलाज एकच, डांबरावर लो वापरायचाच नाही. तिथे हाय आणि पहिला गिअर पुरतो.

एकाच डब्यात दोन बदल केलेले होते आणि दोन्ही बहुधा अडचणीतूनच केलेले. बुश करणाऱ्याला भार कुठून कुठे जातो ते पक्कं माहीत होतं. पिन काढणाऱ्याने फक्त लिव्हर पाहिला. आज नीडलचे सेट मिळतात, तरी मी बुशच ठेवायचं ठरवलं. ही गाडी हायवेवर पळणार नाही, डोंगरात रांगणार आहे, आणि तिथे बुशने स्वतःला सिद्ध केलं होतं.

केसमधलं शाफ्टचं भोक अंडाकृती झालं होतं. ते शेजारच्या शेडमध्ये बोअर करून स्लीव्ह मारली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे एक सुख आहे, गिअर कटिंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. नवा शाफ्ट ईएन-36चा, केस हार्डन करून ग्राइंड केलेला. बुश नवा, दोन थाऊ, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश, क्लिअरन्सने. एक भर मी घातली, गिअरच्या दोन दातपट्ट्यांमधल्या गळ्यात तेलाची आरपार भोकं पाडली, म्हणजे फिरताना तेल आत ओढलं जाईल. सरकता गिअर, रॉड, बॉल, स्प्रिंग, दोन्ही हाफ शाफ्ट आणि ब्रेक लायनिंग नवीन.

आउटपुट शाफ्टची टेपर बेअरिंग बसवली की घाई करायची नाही. मागच्या कॅपखालच्या शिमवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, शाफ्टचा प्ले ठरतो, तो 4 ते 8 थाऊ हवा. डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे ओढला, 15 आले. एक 10 थाऊची शिम काढली, कॅप पुन्हा आवळली, 5. शाफ्ट हाताने अडखळ न होता फिरला, मगच सील ठोकलं.

शेवटी पिन. ती मामांनी हार्डन करून दिली. ग्रीस लावून दोन रॉडच्या मध्ये सरकवली आणि लोचा लिव्हर ओढला. हलला नाही. पुढचा अ‍ॅक्सल जोडला, पुन्हा ओढला, खट्ट करून बसला.

सुमारे दीड लिटर जीएल-4 90 नंबर तेल भरलं आणि ट्रॉलीत वाळूची पोती टाकून मसाई पठाराच्या कच्च्या वाटेवर गाडी नेली. उतारावर लोमध्ये पाय ब्रेकवरून काढून गाडी सोडली. लिव्हर थरथरला, पण जागेवर राहिला. मध्येच थांबवून फक्त हँडब्रेकवर धरली, तीही थांबली. गुणगुण अर्थात आहेच, ती जायची नाही.

गाडी गेल्यावर मालकांचा फोन आला, बागेच्या फाटकातून.

"लो पडंना झालाय की."

"पुढचा जोडलाय का?"

"न्हाई."

"आधी तो टाका."

पलीकडून लिव्हर बसल्याचा आवाज मला फोनवरही ऐकू आला.